चिरंजीवांना मते फुटतात

आमचे चिरंजीव सध्या कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहेत. म्हणजे देश सध्या त्यांच्या ताब्यात आहे. सकाळी दात घासताना ते परराष्ट्र धोरण ठरवतात, आंघोळीला जाईपर्यंत निवडणूक पद्धत बदलून होते आणि पोह्यांवर लिंबू पिळता पिळता ते न्यायव्यवस्थेकडे वळतात. फक्त स्वतःचा ओला टॉवेल दोरीवर कोणी टाकायचा हा प्रश्न अद्याप केंद्र आणि राज्य यांच्या समवर्ती सूचीत अडकून पडला आहे.

मुलांना मिसरूड फुटते हे मला ठाऊक होते. त्याच सुमारास मतेही फुटतात, हे कोणी सांगितले नव्हते. मी स्वतः बी. कॉम. आमच्या वेळी कॉमर्सच्या मुलाला मत नसे, ताळेबंद असे. डावी बाजू उजव्या बाजूशी जुळली की तो सुखी. (डाव्या-उजव्याला दुसराही अर्थ असतो आणि त्या बाजू कधीच जुळत नाहीत, हे ज्ञान मला चिरंजीवांकडून झाले.) पुढे बँकेत चिकटलो आणि उरलीसुरली मतेही गेली. काउंटरपलीकडे सगळ्या पक्षांचे, सगळ्या धर्मांचे लोक उभे असतात आणि सगळ्यांचे म्हणणे एकच असते, "ओ साहेब, अजून किती वेळ?" अशा जागी चोवीस वर्षे काढलेल्या माणसाचे राजकीय मत 'पुढच्या खिडकीवर चौकशी करा' एवढेच शिल्लक राहते.

मागच्या महिन्यात चिरंजीव 'एक देश, एक निवडणूक' या विषयाच्या बाजूने होते. 1951-52 पासून 1967 पर्यंत लोकसभा आणि विधानसभा यांच्या निवडणुका एकत्रच होत, मग सरकारे मध्येच पडू लागली आणि गाडी रुळावरून घसरली, हे त्यांनी मला आमटी वाढून घेताना सांगितले. माजी राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या समितीने मार्च 2024 मध्ये दिलेला 18,626 पानांचा अहवाल आपण वाचला आहे, असेही म्हणाले. वाचला म्हणजे त्याच्यावरची साडेतीन मिनिटांची फीत मोबाइलवर पाहिली.

"डिसेंबर 2024 मध्ये विधेयकसुद्धा मांडलंय लोकसभेत. बाबा, तुम्हाला निवडणुकीची प्रक्रिया माहिती नसते, म्हणून हे महत्त्वाचं वाटत नाही."

मी भात कालवत राहिलो. 2024 साली मे महिन्यात लोकसभेला आणि नोव्हेंबरात विधानसभेला, असा दोनदा मी मतदान अधिकारी क्रमांक दोन होतो. क्रमांक दोन म्हणजे शाई लावणारा. पहाटे यंत्रे मांडून, पक्षांच्या प्रतिनिधींसमोर पन्नास खोटी मते टाकून, ती मोजून, पुसून, मग दिवसभर डाव्या हाताच्या तर्जन्या रंगवायच्या. रात्री शाळेच्या बाकावर झोपलो होतो. त्या बाकावर कोणीतरी कर्कटकाने 'गणित मुर्दाबाद' असे कोरले होते. तेवढे एक मत मला पटले.

"नमुना सहा भरलास का?" मी विचारले.

"कसला?"

"मतदार यादीत नाव घालायचा."

"बघू. वेळच नाही मिळाला."

मतदानाचे वय एकविसावरून अठरा करण्यासाठी राज्यघटनेला एकसष्टावी दुरुस्ती करावी लागली. 1989 साली ती अमलात आली. आपल्या भाषेत विचारालाही मत म्हणतात आणि यंत्रातल्या बटणालाही मतच म्हणतात. आमच्या घरात पहिल्याचे उत्पादन भरपूर आहे, दुसऱ्याचा अर्ज टेबलाच्या खणात आहे.

पण खरी गंमत नोटाबंदीची. आठ नोव्हेंबर 2016 च्या रात्री पाचशे आणि हजाराच्या नोटा रद्द झाल्या तेव्हा चिरंजीव पाचवीत होते आणि त्यांचे त्या विषयावरचे मत 'उद्या शाळेला सुट्टी आहे का' एवढेच होते. अकरावीत गेल्यावर ते नोटाबंदीच्या बाजूचे झाले. आता विरोधात आहेत. परवा मला म्हणाले, "15 लाख 41 हजार कोटींच्या नोटा रद्द केल्या, त्यातल्या 15 लाख 31 हजार कोटींच्या परत आल्या. रिझर्व्ह बँकेनंच 2018 च्या अहवालात सांगितलं. 99.3 टक्के! काळा पैसा कुठे गेला मग? बाबा, सामान्य माणसाला तेव्हा किती त्रास झाला, तुम्हाला कल्पना नाही."

आता याला काय म्हणावे? ते 99.3 टक्के परत आले ते कोणाच्या खिडकीतून आले, असे यांना वाटते? दहा नोव्हेंबरला बँक उघडली तेव्हा रांगेचे शेपूट पोस्टाला वळसा घालून गेले होते. शनिवारी काम, रविवारी काम. बदलून द्यायची रक्कम आधी चार हजार, मग साडेचार, मग दोन. रोज नवे परिपत्रक. सकाळी ज्याला 'चालेल' म्हणावे त्याला दुपारी 'चालणार नाही' म्हणायचे आणि शिव्या मात्र दोन्ही वेळा आपणच खायच्या. दोन हजाराची नवी नोट आकाराने लहान, ती यंत्राच्या खणात बसेना. एकाच माणसाने पुन्हा पुन्हा येऊ नये म्हणून मग आम्हाला शाई दिली, तीच मैसूरची, निवडणुकीची. फक्त इथे उजव्या हाताच्या बोटाला लावायची, कारण काही ठिकाणी त्याच आठवड्यात पोटनिवडणुका होत्या. एक आजी आल्या होत्या. त्यांच्या नोटांना हिंगाचा वास येत होता. शाई लावायला मी बोट पुढे करायला सांगितले तर त्या घाबरून म्हणाल्या, "ह्यांना कळेल रे, बोट बघून." मी नखाच्या कडेला एक ठिपका दिला. नियमात बसत होता की नाही ते परिपत्रकालाच ठाऊक.

यातले मी काहीच बोललो नाही. सौ. मात्र स्वयंपाकघरातून म्हणाली, "त्या महिनाभरात तुझा बाप दोन वेळा जेवला असेल धड." चिरंजीव म्हणाले, "आई, हा व्यक्तिगत अनुभव झाला. मी आकडेवारीबद्दल बोलतोय." सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2023 मध्ये चार विरुद्ध एक मताने निर्णय वैध ठरवला, त्यातला तो 'एक' त्यांना पाठ आहे. घरात आमचेही तसेच असते. फक्त तिथे तो एक मी असतो.

हे सगळे चालून जात होते. मते माझ्या जेवणापुरती होती. मग एका शनिवारी संध्याकाळी आमच्या शाखेचे कॅशियर चहाला आले. वीस वर्षे आम्ही शेजारच्या खिडक्यांत बसतो. रोकड कधी एक रुपयाने कमी नाही की जास्त नाही, असा माणूस. त्यांच्यासमोर चिरंजीवांनी आरक्षण काढले.

याला थोडी पार्श्वभूमी आहे. हव्या त्या कॉलेजातला प्रवेश चिरंजीवांचा दीड गुणाने हुकला होता. तेव्हापासून त्यांचे मत असे, की आरक्षण फक्त आर्थिक निकषावर हवे. तसे दहा टक्के 2019 पासून आहेत, पण त्याला उत्पन्नाची मर्यादा वर्षाला आठ लाख आणि माझ्या पगाराने ती ओलांडलेली. म्हणून निकष बरोबर पण मर्यादा चुकीची, असे त्या मताला जोडलेले एक उपमतही आहे.

"गरिबाला जात नसते, काका," ते म्हणाले.

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. कॅशियर राखीव जागेवर लागले हे मला माहीत, सौ.ला माहीत. चिरंजीवांना माहीत नव्हते. आमच्या घरात त्यांच्या रोकडीबद्दल बोलणे होते, जातीबद्दल कधी झालेच नव्हते.

कॅशियरांनी चहाचा घोट घेतला. "बाळा, माझ्या वडिलांची अडीच एकर बागायत होती. गरीब नव्हते ते. गावच्या हॉटेलात जायचे तर कप बाहेर खिळ्याला टांगलेला असायचा. तो आपण काढायचा, प्यायचा, विसळायचा, पुन्हा टांगायचा. चहाचा दर मात्र सगळ्यांना एकच होता. आता हे तुझ्या आर्थिक निकषात कुठल्या रकान्यात लिहू?"

चिरंजीव गप्प झाले. मी घड्याळ पाहिले. आमच्या घरातला हा विक्रम होता. पण मुलगा माझा असला तरी मते त्याची स्वतःची आहेत, त्यामुळे तो लगेच पळून गेला नाही. म्हणाला, "काका, ते चूकच. पण तुमची मुलगी माझ्याच क्लासला होती, स्कूटीवर यायची. तिला कशाला? 1 ऑगस्ट 2024 च्या निकालात न्यायाधीशांनीसुद्धा म्हटलंय, अनुसूचित जातींमध्येही पुढे गेलेल्यांना वेगळं काढा."

मी त्याच्याकडे असे पाहिले, जसे शाखाधिकारी तीस मार्चला रजेच्या अर्जाकडे पाहतात. कॅशियर मात्र मोठ्याने हसले.

"अरे, हेच ती मला विचारते! बारावीनंतर मला न सांगता तिनं खुल्या गटातून अर्ज भरला. चार दिवस मी तिच्याशी बोललो नाही. बापानं जे मिळवलं ते टाकून देतेस का, म्हणून. मिळाला प्रवेश. खुल्या यादीत नाव. पहिल्याच दिवशी शेजारची मुलगी आडनाव विचारून म्हणाली, 'तुझं बरंय बाई, तुमच्यासाठी जागा ठेवलेल्याच असतात.'"

कपात चहा उरला नव्हता, तरी कॅशियरांनी तो एकदा तोंडाला लावला.

"काय उत्तर दिलं तिनं?" चिरंजीवांनी विचारले. आवाज वादविवाद स्पर्धेतला नव्हता.

"ते तिलाच विचार. माझ्याशी ती या विषयावर भांडते फक्त."

रविवारी चिरंजीव सायकल काढून त्यांच्याकडे गेले. सोबत त्या निकालातली चाळीसेक पाने होती, माझ्या पैशाने छापलेली. साडेतीन तासांनी परत आले ते शाहू महाराजांनी कोल्हापुरात 1902 साली काढलेल्या पन्नास टक्क्यांच्या जाहीरनाम्यावरचे एक जाडजूड पुस्तक घेऊन, तिचे. त्यात जागोजागी पेन्सिलीच्या खुणा होत्या.

"कोण जिंकलं?" मी विचारले.

"अजून संपलं नाही. मर्यादेच्या मुद्द्यावर ती थोडी माझ्या बाजूची आहे, पण कारण वेगळं आहे. आणि बाकी सगळ्यावर मी चूक आहे म्हणते."

"तू आहेस?"

"पुस्तक वाचून सांगतो."

पुढच्या रविवारी दुसरी फेरी आहे. सोबत बेसनाचे लाडू द्यावेत की तटस्थ राहावे, असे सौ. मला विचारते आहे. मी म्हटले, पुढच्या खिडकीवर चौकशी कर.