वाटाड्या

प्रवासास निघालेल्या मनुष्यानें वाटाड्या बरोबर घ्यावा कीं न घ्यावा, याविषयीं अनुभवी लोकांत दोन मतें आहेत. नको म्हणणारे म्हणतात कीं, तो पढविलेल्या पोपटाप्रमाणें बोलतो, दुकानदारांशीं त्याचें संधान असतें, आणि आपल्या डोळ्यांनीं पाहण्याचें सुख तो हिरावून घेतो. हवा म्हणणारांचें म्हणणें असें कीं, नकाशावरून रस्ता कळतो, पण त्या रस्त्यावर काय घडलें तें कळत नाहीं. दोन्ही पक्षांत तथ्य आहे. आमचें स्वतःचें मत कॅरिबियन समुद्रांतील त्रिनिदाद बेटावर, पोर्ट ऑफ स्पेन या बंदराच्या राजधानींत एक दिवस फिरल्यावर बनलें, आणि तें या दोहोंहून किंचित् निराळें आहे.

आम्हीं उभयतांनीं तेथें एका दिवसापुरता एक खासगी वाटाड्या ठरविला होता. वय साठीच्या पुढचें, मोटार स्वतःची, बोलणें इंग्रजी पण त्यास हेल गाण्याचा. केस कुरळे होते, आडनांव मात्र हिंदुस्थानी. बापाचा आजा कलकत्त्याहून गिरमिटावर आलेला, व आईचे पूर्वज आफ्रिकेंतून गुलाम म्हणून आणलेले, हें त्यानें पहिल्या पाव तासांतच आपण होऊन सांगितलें. हिंदी लोकांची वस्ती प्रथम पाहावी असें आमच्या मनांत होतें. तो हंसून म्हणाला, “ती शेवटीं. हें गांव ज्या क्रमानें झालें त्या क्रमानें पाहूं.” आणि त्यानें मोटार वुडफर्ड चौकाकडे वळविली.

या चौकासमोर ‘रेड हाउस’ नांवाची विधिमंडळाची तांबडी इमारत आहे. १८९७ सालीं व्हिक्टोरिया राणीच्या हीरकमहोत्सवानिमित्त तिला हा रंग मिळाला. १९०३ सालीं पाण्याच्या कायद्यावरून दंगल होऊन लोकांनीं ती जाळली. १९०७ सालीं ती पुन्हा उभी राहिली. १९९० सालीं बंडखोरांनीं पंतप्रधानांसह अनेकांस तेथें ओलीस धरलें. एवढा इतिहास आमच्या वाटाड्यानें चार वाक्यांत उरकला. मग पायांखालच्या जमिनीकडे बोट दाखवून तो म्हणाला, “२०१३ सालीं दुरुस्तीच्या वेळीं येथें खणलें, तेव्हां मूळच्या रहिवाशांचीं हाडें सांपडलीं. मूळचे ते. बाकी आम्ही सारे कोणी ना कोणी आणलेले.”

हें त्याचें वाक्य दिवसभर आमच्या कानांत राहिलें, कारण इतिहास त्याचीच साक्ष देतो. १४९८ सालीं कोलंबसानें हें बेट पाहिलें, तेव्हांपासून तें स्पेनचें झालें. १७८३ सालीं स्पेनच्या राजानें परदेशी कॅथलिकांस येथें जमिनी देऊं केल्या, आणि फ्रेंच मळेवाले आपल्या गुलामांसह आले. निशाण स्पेनचें, भाषा फ्रेंच व राबणारे हात आफ्रिकेचे, अशी स्थिति असतां १७९७ सालीं इंग्रजांनीं बेट घेतलें. १८३८ सालीं गुलामांस पूर्ण मुक्ति मिळाली, आणि उंसाच्या मळ्यांस मजूर हवेत म्हणून ३० मे १८४५ रोजीं ‘फतेल रझाक’ हें जहाज सुमारें २२५ हिंदी माणसें घेऊन या बंदरांत आलें. १९१७ पर्यंत अशीं एक लक्ष चाळीस हजारांहून अधिक माणसें आलीं. याच वुडफर्ड चौकांत १९५५ पासून एरिक विल्यम्स हे इतिहासाचे पंडित उघड्यावर व्याख्यानें देऊं लागले, आणि लोक चौकासच विद्यापीठ म्हणूं लागले. ३१ ऑगस्ट १९६२ रोजीं देश स्वतंत्र झाला, तेव्हां तेच पहिले पंतप्रधान झाले. आमच्या वाटाड्याचा बाप गोदींतलें काम सुटल्यावर त्या व्याख्यानांस उभा राहत असे.

तेथून तो आम्हांस पूर्वेकडे, ज्यास ‘ड्राय रिव्हर’ म्हणतात त्या पात्रापलीकडे लॅव्हेंटिलच्या टेंकडीवर घेऊन गेला. प्रवासी इकडे फारसे येत नाहींत. हें त्याचें आजोळ. १८८१ सालच्या कार्निव्हलांतील दंगलीनंतर थोड्याच वर्षांत सरकारनें ढोलांवर बंदी घातली. तेव्हां लोकांनीं कमीअधिक लांबीचे बांबू कापून ते जमिनीवर आपटून ताल धरला. पुढें बांबूंच्या जागीं बिस्किटांचे डबे आले, व दुसऱ्या महायुद्धानंतर तेलाचीं रिकामीं पिंपें. पिंपाचा तळ ठोकून खोलगट करावयाचा, व त्यांत एकेका सुराचें घर पाडावयाचें, हें स्टीलपॅन. “पॅन वाजविणारा म्हणजे गुंड, अशी माझ्या मामाच्या तरुणपणीं समजूत होती,” तो म्हणाला. “१९९२ सालीं सरकारनें त्यासच राष्ट्रीय वाद्य ठरविलें.” एका अंगणांत मांडून ठेवलेल्या पॅनवर त्यानें बोटाच्या पेरानें हळूच टिचकी मारली, आणि सूर विरेपर्यंत तो कांहींच बोलला नाहीं.

दुपारीं क्वीन्स पार्क ओव्हल लागलें. १९७१ च्या मार्चांत अजित वाडेकरांच्या संघानें वेस्ट इंडीजला कसोटींत प्रथमच हरविलें तें याच मैदानावर. दिलीप सरदेसायांनीं ११२ धावा काढल्या, आणि पहिलीच कसोटी खेळणाऱ्या सुनील गावसकरांनीं ६५ व नाबाद ६७. हें सांगतांना आमचा ऊर भरून आला, हें वाचकांस सांगावयास नकोच. वाटाड्या म्हणाला, “मी तेव्हां आठ वर्षांचा. त्या दिवशीं बाप सारखा हंसत होता आणि मामा जेवला नाहीं. कोणाच्या बाजूस बसावें तें मला कळेना, म्हणून मी दाराच्या उंबऱ्यावर बसलों.” पुढें लॉर्ड रिलेटर या गायकानें गावसकरांवर कॅलिप्सो रचला, तेव्हां तो मामाच सर्वांत मोठ्यानें गाऊं लागला!

दिवस कलतां आम्ही सेंट जेम्सला पोंचलों. तेथें रस्त्यांचीं नांवें कलकत्ता, मद्रास, दिल्ली, लखनौ अशीं. बाँबे स्ट्रीट हें नांवही तेथें आहे. मोहरमांत येथें ताबूत निघतात, त्या सणास ‘होसे’ म्हणतात. वाजतो तो ‘टासा’, म्हणजे आपलाच ताशा. आम्हीं रस्त्यावर उभें राहून ‘डबल्स’ खाल्लें: दोन मऊ तळलेल्या बाऱ्या, व त्यांत चण्याची रस्सेदार उसळ. परंतु गिरमिटावर आलेलीं माणसें बहुतेक हल्लींच्या उत्तर प्रदेश व बिहारकडच्या खेड्यांतलीं. मोठ्या शहरांचीं नांवें पाट्यांवर चढलीं. त्या खेड्यांचीं नांवें कागदांत राहिलीं.

तसा एक कागद त्यानें मोटारीच्या खणांतून काढला. तो त्याच्या पणजोबाच्या परवान्याची नक्कल होता. नांव, बापाचें नांव, जात, वय, उंची, अंगावरील खूण, जिल्हा, ठाणें, गांव. सारें कारकुनानें कानांनीं ऐकून रोमन लिपींत उतरलेलें. “हें कसें म्हणावयाचें?” त्यानें विचारलें. जिल्हा सोपा होता, बस्ती. त्याचा अर्थ वस्ती, असें आम्हीं सांगितलें, तेव्हां त्यास मोठें नवल वाटलें. गांवाच्या नांवाचे मात्र दोन उच्चार संभवत होते. दोन्ही आम्हीं म्हणून दाखविले. त्यानें ते पुन्हा म्हणावयास लावले, आणि आपणही ओठांतल्या ओठांत म्हटले. एकदां परत जाऊन पाहावें असें वाटतें काय, या आमच्या प्रश्नास त्यानें उत्तर दिलें, “पाहावें असें वाटतें. परंतु त्यास परत जाणें कसें म्हणावें? मी निघालों तो लॅव्हेंटिलहून.” आम्हीं त्या कागदावरील अक्षरें उतरून घेतलीं आहेत. बस्तीकडे त्या दोन उच्चारांचीं गांवें शोधावीं व सांपडेल तें त्यास कळवावें, एवढें काम आम्हीं अंगावर घेतलें आहे.

सायंकाळीं ठरलेले पैसे त्यानें नीट मोजून घेतले. तें योग्यच होतें. दिवसाचें काम त्यानें चोख केलें होतें. आतां आमचें मत. वाटाड्या जरूर घ्यावा, परंतु त्यानें कोणतीं स्थळें दाखविलीं यापेक्षां तो कोठें घाई करतो व कोठें रेंगाळतो याकडे लक्ष द्यावें. इमारतींचा इतिहास पुस्तकांत मिळतो. पण बंदी घातलेल्या ढोलाची व जहाजांतून आलेल्या पणजोबाची, अशा दोन्ही हकीकती जो ‘आमची’ म्हणून सांगतो, व सांगतांना एकीसाठीं दुसरी लपवीत नाहीं, असा मनुष्य पुस्तकांत भेटत नाहीं. ज्या गांवांत जवळजवळ सारेच आणलेले, तेथें स्थानिक कोणास म्हणावें, याचा निकाल केवळ जन्मानें लागत नाहीं. शेजाऱ्याच्या दुःखाचाही जो वारसा सांगतो, त्यास आम्ही स्थानिक म्हणूं.