परळच्या आवारातून घरी

मुंबईत परळ म्हटले की एके काळी गिरण्यांचे भोंगे आठवत. आता आठवतात ती इस्पितळे. केईएम, टाटा, वाडिया. रोग्यांच्या नातेवाइकांनी गजबजलेल्या याच वस्तीत आणखी एक इस्पितळ आहे. तिथे केसपेपर निघतो तो बैलाचा, मांजरीचा, नाहीतर मांज्याने पंख कापलेल्या घारीचा! हे बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालय. सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या पत्नीचे नाव त्याला दिलेले आहे. १८७४ साली स्थापन झालेली प्राण्यांवरील क्रौर्य रोखणारी मुंबईची संस्था ते चालवते. १८८६ मध्ये सुरू झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालयही शेजारीच.

कुत्र्यांशी या शहराचे नाते जुने आणि तितकेच गुंतागुंतीचे. जून १८३२ मध्ये मोकाट कुत्री मारण्याच्या मोहिमेविरुद्ध पारशी समाज फोर्टमध्ये रस्त्यावर उतरला होता. प्रत्येक मेलेल्या कुत्र्यामागे तेव्हा बक्षीस मिळे. पुढे महापालिकाही अनेक दशके कुत्री मारत राहिली. १९९०च्या दशकात तो मार्ग सोडून नसबंदीचा मार्ग धरला गेला.

अशा आवारात पहिल्यांदाच कुत्रा घ्यायला आलेली कुटुंबे बहुधा पिल्लू मागतात. मुलांना गोंडस पिल्लू हवे असते, हे खरे. पण दर दोन-तीन तासांनी शू पुसायला घरात कोण आहे, हा प्रश्न कुणी विचारत नाही. नवरा-बायको दोघेही नोकरीला जात असतील, तर तीन-चार वर्षांचा, शांत, देशी कुत्रा कितीतरी बरा. त्याचा स्वभाव घडलेला असतो, तो निदान पाहता तरी येतो.

आणि पाहण्यासाठीच 'फोस्टर'ची सोय असते. फोस्टर म्हणजे काही आठवड्यांचा तात्पुरता सांभाळ. या काळात औषधपाण्याचा खर्च कुणी करायचा, कुत्रा आजारी पडला तर कुणाला कळवायचे, हे आधीच लेखी ठरवून घ्यावे. नाही जमले, तर तो परत देता येतो. त्यात लाज कसली? मात्र दत्तक घेऊन वर्षभराने सोडून दिलेला कुत्रा पुन्हा माणसावर विश्वास ठेवायला फार वेळ लावतो. म्हणून कागदावर सही करण्यापूर्वी घरातल्या प्रत्येकाला विचारावे, आजीलासुद्धा. सकाळी दुधाच्या पिशव्या घ्यायला उठणारी तीच असते आणि बरेचदा कुत्र्याला फिरवणेही शेवटी तिच्याच गळ्यात पडते.

सोसायटीचे काय? कुत्रा पाळण्यावर सरसकट बंदी सोसायटीला बहुमतानेही घालता येत नाही, असे भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. तरीही जिन्यातली घाण आपणच उचलली, तर निम्मी भांडणे होतच नाहीत.

घेताना लसीकरणाचे कार्ड मागून घ्यावे. रेबीजची लस, डिस्टेंपर आणि पार्व्होवरील लस, जंताचे औषध, नसबंदीची तारीख, सारे त्यात असावे. मुंबईच्या पावसाळ्यात लेप्टोची लसही महत्त्वाची, कारण हा रोग उंदरांच्या मुतातून साचलेल्या पाण्यात आणि तिथून माणसांपर्यंत पोहोचतो. घरात आधीच एखादा कुत्रा असेल, तर दोन आठवडे तरी नव्याला वेगळे ठेवावे.

पहिले तीन-चार दिवस सर्वांत कठीण. आवारातला गोंगाट सरावाचा झालेला कुत्रा घरच्या शांततेने बिचकतो. पलंगाखाली बसून राहतो, जेवणाला तोंड लावत नाही. शेजाऱ्यापाजाऱ्यांना तेव्हाच तो पाहायला यायचे असते! त्यांना थोपवावे. पाण्याचे भांडे जवळ ठेवावे, दार नीट लावून घ्यावे, कारण घाबरलेला कुत्रा आधी दाराकडे धावतो. गळपट्ट्यावर दूरध्वनी क्रमांक पहिल्याच दिवशी लावावा. मग कधीतरी, बहुधा रात्री सगळे निजल्यावर, पलंगाखालून नखांचा टकटक आवाज येतो आणि स्वयंपाकघरात ताट चाटले जाते. दिवा लावायला उठू नये.