दा नांगमधलं सव्वा महिन्याचं बिऱ्हाड

व्हिएतनामहून आल्यापासून बस्तीत भेटणारी प्रत्येक बाई मला एकच विचारते, "तिथं खाल्लंत काय हो?" त्याचं उत्तर देतेच, पण त्याच्याआधी तिथं गेले कशाला ते सांगायला हवं.

आमचा मुलगा आणि सून दोघंही घरबसल्या काम करतात. त्याचं काम नेदरलँड्समधल्या एका कंपनीचं, तिचं पुण्यातल्या. काम लॅपटॉपवर, म्हणजे लॅपटॉप जिथं उघडेल तिथं कचेरी. पुण्यात भाड्याचा फ्लॅट, वाहतूक, टँकरचं पाणी याला कंटाळून २०२३ च्या ऑगस्टअखेर दोघांनी दा नांगला बिऱ्हाड हलवलं. व्हिएतनामच्या मधोमध, समुद्राकाठचं शहर आहे. बिऱ्हाड म्हणजे दोन बॅगा, एक कुकर आणि मी दिलेली पोळपाट-लाटण्याची जोडी. मी २०२४ च्या जानेवारीत गेले आणि १ मार्चला परतले. मुंबईहून हो ची मिन्ह, तिथून दुसऱ्या विमानानं दा नांग.

एकटी गेले. आमचे हे आले नाहीत, येणारही नव्हते. त्यांनी २०१७ साली महाराजांसमोर दिग्व्रत घेतलंय. उत्तरेला हिमालय, बाकी बाजूंना समुद्र, त्यापलीकडे आयुष्यात जायचं नाही. मुलाला हे माहीत होतं, तरी तो फोनवर दर आठवड्याला म्हणायचा, "आई, अण्णांना घेऊन कायमचेच या इकडे. सांगलीच्या घरात दोघंच काय करता?" ह्यांचं उत्तर ठरलेलं असायचं, "तू ये की. मला हद्द आहे, तुला कुठं आहे?"

आता खाण्याचं. तिथं रस्त्यावर 'कम चाय' अशा पाट्या दिसतात. पहिल्या दिवशी मला वाटलं, चहाची टपरी. 'चाय' म्हणजे तिथं शाकाहारी आणि 'कम' म्हणजे भात! बौद्ध घरांतली पुष्कळ माणसं चांद्र महिन्याच्या पहिल्या दिवशी आणि पौर्णिमेला शाकाहार करतात, त्या दिवशी या दुकानांत बसायला जागा नसते. त्यांच्या परंपरेत कांदा-लसूणही वर्ज्य धरतात, हे ऐकून मला तर माहेर सापडल्यासारखं झालं. एरवी मात्र सगळ्यात मोठी अडचण माशाच्या पाण्याची. 'नुऑक माम' म्हणतात, आपण मीठ घालतो तसं ते सगळीकडे घालतात. भाजी म्हणून समोर येईल आणि त्यात ते असेल.

चायच्या दुकानातही मी फार रमले नाही. एक तर गाजर, बटाटा, अळंबी असतेच. दुसरं म्हणजे सोयाबीनचं किंवा गव्हाच्या चिकाचं कोंबडीच्या तंगडीसारखं, माशासारखं काहीतरी करून ठेवतात. सून म्हणाली, "आई, हे पूर्ण शाकाहारी आहे, टोफूच आहे." असेल. पण यशोधर राजाची गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकलेली. आईच्या आग्रहाखातर त्यानं पिठाचा कोंबडा करून बळी दिला आणि त्यापायी मायलेकांना किती जन्म पशुयोनीत काढावे लागले! मी मुलाला म्हटलं, "त्या गोष्टीत आईनं आग्रह केला होता. इथं आई नको म्हणतीये, तेवढं ऐक." तो हसला आणि ताट बदलून आणलं.

मग घरीच केलं सगळं. बाक मी आनच्या बाजारात दोडका, दुध्या, कारलं, लाल भोपळा, कच्ची केळी, फणस, सगळं मिळतं. सकाळी गरम टोफू मिळतो, तो जिरं-मिरी लावून तव्यावर परतला की पनीरची आठवण येत नाही. पिठं, डाळी, मेतकूट मी नेलं होतं. नळाचं पाणी तिथं पीत नाहीत, वीस लिटरचा मोठा कॅन घरपोच येतो. तोही मी कापडानं गाळून घ्यायची. घरमालकीणबाई एकदा ते पाहून थांबल्या. मुलानं फोनमधल्या भाषांतरावर काहीतरी सांगितलं, तर त्यांनी मला दोन्ही हात जोडून नमस्कार केला. त्याला नेमकं काय सांगितलंस म्हणून विचारलं, तर म्हणे, "पाण्यातले जीव." एवढंच.

सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाचा प्रश्न होता. नेदरलँड्सचं घड्याळ हिवाळ्यात दा नांगच्या सहा तास मागे. म्हणजे मुलाचा दिवस दुपारी तीनला सुरू आणि मध्यरात्री बाराला संपणार. तिकडच्या लोकांची दुपारच्या जेवणाची सुट्टी बारा वाजता, तेव्हा इथं संध्याकाळचे सहा. आणि फेब्रुवारीत दा नांगचा सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो. थोडक्यात चुकायचं. मी काही म्हटलं नाही, फक्त सव्वापाचला पानं घ्यायला लागले. तिसऱ्या दिवशी तो आपणहून सव्वापाचला उठून आला. वरिष्ठांना सांगून सुट्टी पुढं ओढून घेतली होती. मी असेपर्यंत त्यानं ते पाळलं. नंतरचं मी विचारलेलं नाही.

सकाळी मी समुद्रावर जायची. मी खेचा किनारा पहाटे पाचला माणसांनी भरलेला असतो. म्हातारेकोतारे पोहतात, बायका संगीत लावून व्यायाम करतात, आणि ऊन चढलं की सगळे गायब. उत्तरेकडं गेलं की बांबूच्या गोल टोपल्यांसारख्या होड्या लागतात, त्या किनाऱ्याला लागल्या की जाळी रिकामी करतात. एकदाच पाहिलं. मग मी दक्षिणेकडंच चालायची. त्या लोकांवर रागावण्यासारखं काही नाही, त्यांचं पोट आहे. पण तडफडणारे जीव बघत णमोकार म्हणणं मला जमेना. देवदर्शन नाही ही चुटपुट होतीच. देव्हाऱ्याऐवजी भिंतीच्या फळीवर पार्श्वनाथांचा फोटो आणि पुढं चार लवंगा.

बी. कॉम. झाले १९८१ ला, नोकरी केली नाही, पण वही सुटली नाही. दा नांगची वही वेगळी केली. पहिल्या पानावर लिहिलं, 'घरभाडे १,२०,००,०००.' एक कोटी वीस लाख! डाँग हो. त्या वेळी रुपयाला साधारण २९० ते २९५ डाँग पडत. मी तीन शून्य काढून साडेतीननं गुणायची आणि थोडं कमी धरायची. म्हणजे भाडं ४१ हजार रुपयांच्या आसपास, दोन खोल्या, सामानासकट, समुद्र चालत सात मिनिटांवर. पुण्यात त्यांचं भाडं याच्या जवळपासच होतं, पण खिडकीतून शेजारची खिडकी दिसायची. बाहेरचं चायचं ताट ३० हजार डाँग, म्हणजे शंभर रुपये. कॉफी त्याहून कमी.

"बघ आई, किती स्वस्त," मुलगा म्हणायचा. स्वस्त कुणाला, हे मात्र वहीत लिहिल्याशिवाय मला राहवेना. दा नांग शहरासाठी सरकारनं ठरवलेलं किमान वेतन तेव्हा महिना ४१ लाख ६० हजार डाँग होतं. १४ हजार रुपये धरा. मुलाचं एका महिन्याचं भाडं म्हणजे खालच्या बाईचा तीन महिन्यांचा पगार. युरोत कमवून डाँगमध्ये खर्च केला की सगळंच स्वस्त. मी त्याला एवढंच म्हटलं, बाजारात घासाघीस करू नकोस. तो म्हणाला, "मी करतच नाही, तूच करतेस." ते खरं आहे, पण मी भाजीत करते, जुडीमागे एखादा हजार डाँग. सवय आहे.

खरी बोलाचाली झाली ती दुसऱ्याच पानावरून. मी दिवस मोजत होते. तो २५ ऑगस्टला भारत सोडून गेला. म्हणजे त्या आर्थिक वर्षात भारतात १४७ दिवस, १८२ पेक्षा कमी, आपल्या आयकराच्या लेखी अनिवासी. आणि व्हिएतनामच्या कायद्यात १८३ दिवस राहिलात की तुम्ही तिथले करनिवासी, जगभरच्या उत्पन्नावर कर. ते १८३ दिवस फेब्रुवारी संपता संपता भरत होते. मी विचारलं, "तू कर कुठं भरतोस?"

"सांगलीच्या बँकेत पैसे येतात, अॅडव्हान्स टॅक्स भरतो की तिथं."

"आणि इथं?"

"इथं मी पाहुणा आहे गं."

ई-व्हिसा नव्वद दिवसांचा. नव्वद झाले की लाओसच्या सरहद्दीपर्यंत बसनं जायचं, बाहेर पडायचं, नव्या व्हिसावर आत यायचं. अर्जात येण्याचं कारण 'पर्यटन'. लॅपटॉपवर परदेशचं काम करणाऱ्यासाठी वेगळा व्हिसा तेव्हा नव्हता, म्हणून सगळे असंच करतात. सगळे, हे त्यानं तीनदा सांगितलं.

अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत 'विरुद्धराज्यातिक्रम' असा एक आहे. ज्या राज्यात राहायचं तिथला नियम चुकवून व्यवहार करायचा नाही. चोरी म्हणजे कुणाचं पाकीट मारणं एवढंच नव्हे. मी हे बोलले तेव्हा सून भांडी पुसत होती, ती थांबली. मुलगा चिडला. "आई, मी इथं कुणाची नोकरी घेतली नाही. बाहेरचा पैसा आणून इथं खर्चतोय. यात चोरी कसली?" त्याचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण रस्ता वापरायचा, पूल वापरायचा, पोलिसांच्या भरवशावर रात्री बाराला फिरायचं आणि हिशेबाच्या वेळी पाहुणा, हे माझ्या वहीत बसत नाही. दोन दिवस आमच्यात जेवणापुरतंच बोलणं होतं. त्यात त्यांच्या नववर्षाची, टेटची, धामधूम. दारोदारी केशरी फळांनी लगडलेली कुंड्यांतली झाडं, पिवळी फुलं, आणि आमच्या घरात मात्र शांतता.

ह्यांना रात्री फोन केला. वाटलं, ते माझ्या बाजूनं बोलतील. ते म्हणाले, "पोरगं बसल्या जागेवरून आवाज आणि चेहरा पाठवून पोट भरतंय. आपल्याकडं तर त्यालाही अतिचार म्हटलंय." देशव्रताबद्दल बोलत होते. दिग्व्रत आयुष्यभराचं, देशव्रत ठरावीक काळापुरतं, घर किंवा गावाची हद्द घालून घेतात. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात त्याचे पाच अतिचार आहेत. हद्दीबाहेरून वस्तू मागवणं, माणूस पाठवणं, आवाज देऊन काम करवून घेणं म्हणजे शब्दानुपात, रूप दाखवून करवून घेणं म्हणजे रूपानुपात, आणि खडा फेकून खूण करणं. म्हणून दशलक्षणात हे व्हिडिओ कॉल घेत नाहीत. उमास्वामींच्या काळात ना तार होती ना टपालखातं, पण शरीर इथं ठेवून माणूस काम तिकडे करतो, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. मी सकाळी मुलाला हे सांगितलं. तो बराच वेळ गप्प बसून मग म्हणाला, "म्हणजे माझी अख्खी नोकरीच अतिचार आहे." "तू व्रत कुठं घेतलंयस?" मी म्हटलं. तेव्हा कुठं दोघं हसलो.

२४ फेब्रुवारीला पौर्णिमा होती, आपली माघी, त्यांचीही वर्षातली पहिली. आदल्या दिवशी चतुर्दशीचा माझा उपवास. पौर्णिमेला घरमालकीणबाईंनी चिकट भात आणि मुगाचा गोड पदार्थ आणून दिला, 'चाय, चाय' म्हणत. मुगाचा असल्यानं मी पारण्याला घेतला. त्याच दुपारी मुलगा तिथल्या एका हिशेबनिसाकडं जाऊन आला. त्यानं सांगितलं, नोंदणी करता येते, विवरण भरता येतं, भारत-व्हिएतनाममध्ये दुहेरी कर टाळायचा करारही आहे. फी मात्र माझ्या हिशेबानं जास्तच घेतली! सांगलीच्या आमच्या सीएंकडून बँकेतलं साधं बचत खातं एनआरओ करून घ्यायचं कामही निघालं, अनिवासी झाल्यावर ते करावंच लागतं. व्हिसाचं कोडं मात्र सुटलं नाही. ते हिशेबनिसाच्या हातातलं नव्हतं.

जुलैत, आषाढी चतुर्दशीच्या दोन दिवस आधी दोघं सांगलीला आले, चातुर्मासापुरते. दा नांगला खरा पाऊस सप्टेंबर ते डिसेंबर, मागल्या वर्षी ऑक्टोबरात रस्त्यावर पाणी आणि कपाटातल्या कपड्यांना बुरशी. सून म्हणाली, तो काळ इकडेच काढलेला बरा. सांगलीलाही कृष्णेचं पाणी काय असतं ते मी तिला सांगितलं नाही.

वरच्या खोलीत त्याची कचेरी लागली. उन्हाळी घड्याळामुळं नेदरलँड्सचे नऊ म्हणजे आपले साडेबारा. दशलक्षणात ह्यांनी घर आणि बस्ती एवढीच हद्द घेतली होती. दुपारी वरून इंग्रजी बोलण्याचा आवाज येई आणि हे खाली जपमाळ घेऊन बसलेले. एकदा मला हळूच म्हणाले, "आवाज मोठा आहे पोराचा. नेदरलँडला असाच ऐकू जात असेल."

डिसेंबरात परत जायचं की नाही, ते दोघांनी अजून सांगितलेलं नाही. दा नांगच्या घराचं भाडं चालू आहे. महिन्याच्या एक तारखेला मी वहीत एक कोटी वीस लाख लिहिते. पोळपाट-लाटणं तिथंच आहे.