अठ्ठेचाळीस तास

बत्तिसाव्या आठवड्यात बडोद्याच्या रुग्णालयात नेहमीच्या तपासणीस गेले, ती घरी परतलेच नाही. पायांवरची सूज सासूबाईंच्या मते 'दिवसांचीच' होती; पण रक्तदाब १७०/११० आणि लघवीत प्रथिने! या विकारावर प्रसूती हाच खरा उपाय; परंतु बाळाची फुप्फुसे कच्ची. ती पक्व व्हावीत म्हणून इंजेक्शने देऊन ४८ तास थांबण्याचे ठरले. मला झटके येऊ नयेत यासाठी मॅग्नेशियम सल्फेट सुरू होते. परिचारिका वरचेवर गुडघ्यावर हातोडी ठोकी. पाय उडाला की मात्रा जास्त झालेली नाही, असे समजायचे. एरवी गमतीचाच प्रकार. मी मात्र श्वास रोखून पायाकडे पाही. शेजारच्या खाटेवरील गुजराती बहेन माझ्याबरोबर जागत. तिसऱ्या दिवशी मुलगी झाली, १४०० ग्रॅमची. सासूबाईंनी नात प्रथम पाहिली ती काचेतून.