माईंच्या टेप

'व्हिप्लॅश'मधला फ्लेचर मास्तर लय चुकली म्हणून पोराच्या अंगावर खुर्ची भिरकावतो, थोबाडीत देतो, आईबाप काढतो. २०१४च्या या अमेरिकी सिनेमातल्या त्या भूमिकेसाठी जे. के. सिमन्स यांना ऑस्कर मिळालं. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'द डिसायपल' या मराठी सिनेमातल्या गुरुजींना असलं काही करावं लागत नाही. त्यांचा शिष्य शरद नेरुळकर तंबोरा घेऊन बसतो, जीव ओतून आलाप मांडतो, आणि गुरुजींच्या तोंडून 'वा' निघत नाही. बस्स, एवढंच. ते न निघालेलं 'वा' खुर्चीपेक्षा जोरात लागतं.

गुरुजी झालेले अरुण द्रविड स्वतः किशोरी आमोणकरांचे शिष्य, आणि शिक्षणाने केमिकल इंजिनिअर. शरद झालेला आदित्य मोडकही गायक, शिवाय चार्टर्ड अकाउंटंट. गाण्यावर घर चालत नाही, हे या दोघांना पटकथेतून समजावून द्यावं लागलं नसणार.

पण खरा धाक गुरुजींचा नाहीच. रात्री मुंबईच्या ओस रस्त्यांवरून शरदची मोटारसायकल संथ चाललेली असते आणि कानात माईंच्या टेप. माई म्हणजे गुरुजींच्या गुरू. त्या पडद्यावर एकदाही येत नाहीत; येतो फक्त आवाज, एकटं राहायची आणि उपाशी राहायची तयारी ठेव म्हणून बजावणारा. तो आवाज दिग्दर्शिका सुमित्रा भावे यांचा. १९ एप्रिल २०२१ रोजी त्या गेल्या, आणि अकराच दिवसांनी सिनेमा नेटफ्लिक्सवर आला.

नंदुरबार जिल्ह्यातल्या माणसाला हा एकांत जरा परकाच वाटावा. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठी गावची राजवाडी होळी रात्रभर ढोलावर नाचते आणि पहाटे पेटते. मोरपिसांचे टोप, कमरेला भोपळे आणि घुंगरं, अंगभर पांढरी नक्षी. एकेका ढोलाभोवती अख्खा पाडा फिरत असतो. इथे शिष्य होण्यासाठी गुरूचा गंडा बांधत नाहीत. पोरगं मोठ्यांच्या मागे उभं राहून बघतं, मग एक दिवस त्याच्या हातात टिपरी येते. म्हणून इथे शिस्त नाही असं कुणी समजू नये. नवस फेडायला नाचणारे बावा-बुध्या जमिनीवर झोपतात, खाण्यापिण्याची पथ्यं पाळतात. फरक इतकाच की ही बंधनं होळीनंतर सुटतात. शरदची सुटत नाहीत.

ताम्हाणे यांनाही हा फरक दिसला असावा. शेवटाकडे शरद बायको-मुलीसह लोकलमध्ये बसलेला असतो आणि डब्यातून एक माणूस एकतारीवर गात जातो. कुणाचा शिष्य, कुठलं घराणं, कुणी विचारत नाही. शरद ऐकत राहतो. तोवर त्याने मैफल अर्धवट सोडलेली असते आणि जुन्या ध्वनिमुद्रणांचा धंदा मांडलेला असतो.

२०२०मध्ये व्हेनिसला या सिनेमाला पटकथेचं पारितोषिक मिळालं. 'व्हिप्लॅश'च्या शेवटी मार खाल्लेला पोरगा ड्रम असा काही वाजवतो की मास्तरची सगळी क्रूरता माफ झाल्यासारखी वाटते. ही सोय ताम्हाणे देत नाहीत. मेहनत पुरी झाली, गुरूची सेवा झाली, आणि तरी गाणं साधारणच राहिलं, हे ते थेट दाखवतात. दोन्हींत जास्त कठोर सिनेमा मराठीच आहे.