तिऱ्हाइताचा विमा

मोटारीचे विमापत्र हे सुशिक्षित घरांतील सर्वांत जपून ठेवलेले आणि सर्वांत कमी वाचलेले वाङ्मय असावे. पोथी निदान चातुर्मासात तरी सोडली जाते. विमापत्र एकदा खणात गेले, की अडचण येईपर्यंत त्याला कोणी हात लावीत नाही. ते बहुधा इंग्रजीत असते आणि आम्ही इंग्रजीचे अध्यापक; तेव्हा अडचण आली म्हणजे शेजारी व स्नेही ते घेऊन आमच्याकडे येतात. इंग्रजी काव्याचा अर्थ विचारावयास त्यांपैकी कोणी अद्याप आलेले नाही. पण त्याबद्दल आमची तक्रार नाही. विमापत्राच्या अन्वयार्थात काव्यापेक्षा अधिक पैसा गुंतलेला असतो, हे आम्हांसही समजते.

त्यांचे प्रश्न ठरलेले असतात. पावसाळ्यात येणारा प्रश्न असा, की गाडी पाण्यात बुडाली तर भरपाई मिळेल काय? संपूर्ण विमा असेल तर पुराने झालेली हानी त्यात येते. परंतु पाण्यात उभ्या गाडीची किल्ली फिरवून इंजिन चालू करू पाहिले आणि आत पाणी ओढले जाऊन ते मोडले, तर कंपनी म्हणते, ‘हे पुराने केले नाही, तुम्ही केले.’ इंजिनाच्या संरक्षणाचे वेगळे कलम जादा हप्ता भरून घेतले असेल, तरच तेथे काही मागता येते. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला. अशा दिवशी गाडीपेक्षा किल्ली अधिक जपावी, एवढेच आम्ही सांगतो.

दुसरा प्रश्न चोरीचा. गाडी गेली तर नवी मिळेल, अशी पुष्कळांची समजूत असते. मिळते ती विमापत्रात घोषित केलेली किंमत. प्रचलित कोष्टकाप्रमाणे सहा महिन्यांच्या आत तीत 5 टक्के घट धरतात, वर्षाच्या आत 15, दोन वर्षांच्या आत 20, आणि चार वर्षे उलटून पाचवे लागले म्हणजे 50. दुरुस्तीतही रबर व प्लास्टिकच्या भागांची निम्मीच किंमत मिळते. घट न धरण्याचे कलम निराळे विकत घ्यावे लागते. तिसरा प्रश्न सवलतीचा. दावा न करता वर्ष काढले तर पुढील हप्त्यात 20 टक्के सूट मिळते, आणि ती वाढत वाढत पाच निर्दावा वर्षांनंतर 50 टक्क्यांवर जाते. ही सूट गाडीची नसून मालकाची असते. गाडी विकली तरी ती आपल्यापाशी राहते. विमा संपल्यावर 90 दिवसांत नवा केला नाही, तर मात्र ती जाते.

हे प्रश्न गैर आहेत असे आमचे मुळीच म्हणणे नाही. कष्टाच्या पैशाने घेतलेल्या वस्तूची चिंता माणसाने करावयाचीच. परंतु ते सारे एकत्र मांडून पाहिले म्हणजे लक्षात येते, की त्यांपैकी प्रत्येक प्रश्न आपल्या गाडीविषयी आहे. आणि कायद्याला आपल्या गाडीची यत्किंचितही चिंता नाही. ती बुडाली, जळाली, चोरीस गेली, तरी सरकारचे काही अडत नाही. तिचा विमा उतरवावा की नाही, हे सर्वस्वी आपल्या मर्जीवर सोडलेले आहे. सक्ती आहे ती दुसऱ्याच एका माणसाच्या विम्याची.

या माणसाला कायद्याच्या मराठीत ‘तृतीय पक्ष’ म्हणतात. पहिला पक्ष आपण, दुसरा कंपनी, आणि तिसरा म्हणजे रस्त्यावरून जाणारा कोणीही. आमच्या जुन्या बोलीत यालाच तिऱ्हाईत म्हणतात. ज्याचे आपल्याशी काही नाते नाही, ज्याचे सुखदुःख आपल्याला लागत नाही, तो तिऱ्हाईत. इंग्लंडने 1930 च्या कायद्याने त्याच्यासाठी विम्याची सक्ती केली. आपल्याकडे 1939 च्या मोटार कायद्यातील तत्संबंधीचे प्रकरण 1 जुलै 1946 पासून अमलात आले, आणि आज 1988 च्या कायद्याचे 146 वे कलम तेच सांगते. त्याच्या मालमत्तेच्या हानीस खाजगी मोटारीच्या विमापत्रात बहुधा 7.5 लाखांची मर्यादा असते. त्याच्या जिवाला वा देहाला झालेल्या इजेची भरपाई ठरविताना अशी मर्यादा नाही. चालकाच्या परवान्यात दोष निघाला, तरी कंपनीने आधी तिऱ्हाइताला पैसे द्यावेत व मागाहून मालकाकडून वसूल करावेत, असा आदेश देता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2004 साली स्वर्णसिंग प्रकरणात स्पष्ट केले.

येथे एक सूक्ष्म भेद सांगितला पाहिजे. केवळ कायद्यापुरता विमा घेतला असेल, तर आपल्याच मोटारीत शेजारी बसलेला मित्र या अर्थाने तिऱ्हाईत ठरत नाही. त्याच्यासाठी संपूर्ण विमा असावा लागतो. आणि मालक तर स्वतःला कधीच तिऱ्हाईत होऊ शकत नाही. त्याच्यासाठी 15 लाखांचा निराळा अपघात विमा आहे.

एवढी सक्ती कशासाठी, हे आम्हांला एका नोटिशीने शिकविले. आमच्या परिचयाच्या एका निवृत्त गृहस्थांनी जुनी मोटार विकली, पैसे घेतले, किल्ली दिली, आणि नोंदणीपुस्तकातील नाव बदलण्याचे काम घेणाऱ्यावर सोपविले. त्याने ते केले नाही. दोन वर्षांनी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची नोटीस या गृहस्थांच्या दारी आली. मोटार तिसऱ्याच्या हाती गेली होती, विमा केव्हाच संपला होता, आणि परजिल्ह्यात तिने एका सायकलस्वाराला उडविले होते. ‘गाडी माझी नाही, चालक माझ्या ओळखीचा नाही, गाव मी पाहिलेले नाही,’ असे ते पुनःपुन्हा म्हणत होते. परंतु नोंदणीत ज्याचे नाव तोच या कायद्यापुरता मालक, असे सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली नवीनकुमार प्रकरणात ठरविले आहे.

नोटिशीबरोबरचा अर्ज मराठीत होता. मयताचे वय 34, धंदा दूधविक्री. अर्जदार क्रमांक 1 पत्नी, क्रमांक 2 व 3 अज्ञान मुले, क्रमांक 4 वृद्ध आई. आमचे स्नेही आपल्या पेन्शनीचे काय होणार, या विवंचनेत होते, आणि ती विवंचना खरी होती. पण त्या चार अर्जदारांच्या बाजूने पाहा. विमा जिवंत असता, तर भरपाई देण्यास समर्थ अशी एक कंपनी त्यांच्यासमोर उभी असती. आता निकाल त्यांच्या बाजूने लागला, तरी हाती येणार तो एका पेन्शनरावरील हुकूमनामा. मालकाच्या गरिबीपासून विधवेचे रक्षण व्हावे, एवढ्याचसाठी ती सक्ती आहे.

विमा नसल्यास पहिल्या वेळी 2,000 रुपये दंड वा 3 महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, असे कायदा सांगतो. लोक भितात ते या दंडाला. उरलेला हिशेब कोणी मांडीत नाही. 2018 च्या सप्टेंबरपासून नव्या मोटारीस तिऱ्हाइताचा विमा एकदम 3 वर्षांचा घ्यावा लागतो. त्यामुळे चौथ्या वर्षी तो विसरला जाण्याचा संभव अधिक. म्हणून वाचकांस आमची विनंती एवढीच, की खणातील कागद काढून दोन गोष्टी पाहाव्यात: विमा कोणत्या तारखेस संपतो, आणि विकून टाकलेली जुनी गाडी अजून आपल्या नावावर तर नाही ना. दोहोंस मिळून दहा मिनिटे लागतील.