अंग साधं, काठ भारी

तीनशे रुपयांच्या कुर्त्याची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे त्याच्यावर काहीही नसतं. छापा नाही, खडे नाहीत, गळ्याशी डिंकानं चिकटवलेल्या सोनेरी टिकल्या नाहीत. तुळशीबागेच्या आजूबाजूला, लक्ष्मी रस्त्याच्या कडेला असे कुर्ते ढिगानं पडलेले असतात. मोरपंखी, गाजरी, राखाडी, काळे. ऑफिसात रोज घालायला मी तेच घेते आणि मग घरी सुई-दोरा काढते.

ढिगातून उचलताना रंगाआधी उलटी बाजू बघायची. शिवणीत माया किती सोडलीय, काखेतली टीप ओढली तर उसवते का, कापड मुठीत चुरगळून सोडलं तर कसं पडतं, एवढं बघितलं की पुरे. खांदा बसत नसेल तर मी तो कुर्ता परत ठेवते. बेतणंच चुकलेल्या कपड्याला वरून कितीही काठ लावा, लोकांची नजर आधी ओघळलेल्या खांद्यावरच जाते.

घरी आला की कुर्ता आधी पाण्यात. सुती कुर्त्याची उंची पहिल्या धुण्यात इंचभर तरी सहज कमी होते. लेस नायलॉनची असेल तर ती आटत नाही, मग कापड आकसतं आणि लेस फुगून उभी राहते. लेस सुती असेल तर उलटं, ती आटते आणि कापडाला चुण्या पडतात. म्हणून दोघांनाही वेगवेगळ्या बादल्यांत भिजवायचं. गडद रंग असेल तर ओला पांढरा रुमाल आतल्या बाजूनं घासून बघायचा. लाल आणि निळ्यावर माझा अजूनही विश्वास नाही.

या सगळ्या खटाटोपाला खरं वळण मिळालं ते आईच्या इरकलीमुळे. साडीचं अंग निऱ्यांच्या घड्यांवर इतकं विरलं होतं की उजेडाला धरलं तर पलीकडचं दिसायचं. काठ मात्र ठणठणीत. इरकलीचं अंग बहुधा सुती असतं आणि काठ-पदर रेशमाचे किंवा नकली रेशमाचे. पदराचा ताणा तर वेगळाच असतो, तो अंगाच्या ताण्याला फासे घालून जोडलेला. त्यामुळे साडी सगळी एकदम म्हातारी होत नाही. त्यातही पायाशी घासणारा काठ फॉल असूनसुद्धा झिजतो, वरचा शाबूत राहतो. मी म्हटलं, “आई, वरचा काठ मला दे.” मला वाटलं होतं, ती नाही म्हणेल. तिनं शांतपणे कात्री आणली आणि माझ्या हातात दिली. “नाहीतरी फडक्याला गेली असती,” म्हणाली. “फक्त कापताना अंगाचं अर्धा इंच कापड सोड. काठाच्या कडेला कापलंस तर सुटत जाईल.”

ती इरकल समोर पसरलेली असताना एक गोष्ट डोक्यात बसली. आपल्या साडीत अंग साधं ठेवतात आणि सगळी श्रीमंती कडेला आणि टोकाला. इरकलीत तर अंगभर बहुधा बारीक चौकडी, रेघा किंवा नुसता रंग. दुकानातल्या कुर्त्यांचं नेमकं इथंच बिनसतं, कारण त्यांना छाती, पोट, पाठ कुठंच मोकळी सोडवत नाही. मी तेव्हापासून कडांनाच हात लावते. बाहीचं तोंड, गळपट्टी, बाजूचे कट, फार तर खिसा. यांपैकी दोनच जागा, तिसरी नाही.

कडा सोप्या वाटतात, नसतात. साडीचा काठ सरळ विणलेला, त्याला वळण माहीत नाही. कुर्त्याचा खालचा घेर बहुतेक वेळा किंचित गोल असतो. तिथं काठ लावला की आतल्या कडेला चुण्या येतात. म्हणून काठ बाहीला आणि कटांना, जिथं कड सरळ धावते तिथं. गळ्याला वेगळी तिरकी पट्टी लागते, शिंपी जिला क्रॉस पट्टी म्हणतात. कापड उभ्या-आडव्या धाग्यांच्या दिशेनं ताणत नाही, पण कोनातून तिरकं ओढलं की ताणतं, त्यामुळे गळ्याच्या गोलाईवर ते मुकाट बसतं. आमच्या गल्लीतल्या मास्तरांनी ही पट्टी कापायला शिकवली. “ताई, मशीन नंतर, आधी इस्त्री,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दुमड इस्त्रीनं बसवली, कच्चा दोरा घातला, की अर्धं काम झालं. दुसरी एक गोष्ट त्यांच्याकडून शिकले, ती म्हणजे जुना काठ कधी ताणून लावायचा नाही. नवं कापड ओढ सहन करतं, जुनं टाक्याशीच फाटतं.

खणाचे तुकडेही मी जमवते. खणाचं गुळेदगुड्ड आणि इरकलीचं इळकल, दोन्ही गावं बागलकोट जिल्ह्यातली, त्यामुळे दोघांचे रंग एकमेकांशी जमतात यात नवल नाही. ओटीत आलेले, कपाटात वर्षानुवर्षं घडीत पडलेले खण प्रत्येक घरात असतात. हल्ली यंत्रमागावरचे पॉलिस्टरचे खण जास्त दिसतात, आणि खरं सांगायचं तर खिशाला किंवा गळपट्टीला तेच बरे, ते आटत नाहीत. पाठीला घाम येतो तिथं मात्र नको.

भरतकामात मी मोठी कुशल नाही. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला धावदोरा, साखळी, काजटाका, गहूटाका हे सगळं एका रुमालावर करून घेतलं होतं, तेवढ्यावर चाललंय. पण सगळ्यात साधा धावदोराच मला सर्वांत उपयोगी वाटतो. सहापदरी दोऱ्यातले तीन पदर घ्यायचे आणि घेराच्या दुमडीवर बोटभर पट्ट्यात चार-पाच समांतर ओळी घालायच्या. दिसायला छान, पण खरी गंमत पुढे आहे. स्वस्त कुर्त्याचं कापड हलकं असतं, पंख्याखाली उडतं. त्या ओळींनी घेराला वजन येतं आणि कुर्ता सरळ पडायला लागतो. आजीच्या गोधडीत हाच टाका होता, तिथं तो थर धरून ठेवायचा. कर्नाटकी कशिद्याचं मला फार आकर्षण आहे, पण तो धागे मोजून भरायचा असतो, गाठ न मारता, दोन्हीकडून सारखा दिसेल असा. साध्या सुती कुर्त्यावर धागे मोजताच येत नाहीत. मग वर विरळ जाळीचं कापड टाचायचं, त्याच्या घरांवर भरायचं आणि शेवटी जाळीचा एकेक धागा ओढून काढायचा. मी एक छोटं गोपुर भरलं. डोळ्यांना पाणी आलं. पुन्हा भरेन असं वचन देत नाही.

ज्यांना यातलं काहीच करायचं नाही त्यांनी बटणं बदलावीत. प्लॅस्टिकची चकचकीत काढून लाकडाची किंवा नारळाच्या करवंटीची लावली की कुर्ता ओळखू येत नाही.

ऑफिसातल्या एकीनं विचारलं, “ताई, मला करून द्याल? पैसे सांगा.” मी हिशेब मांडून बघितला. कुर्ता, दोरा, अस्तर, लेस यांचे पैसे किरकोळ. पण हातशिलाईच्या संध्याकाळी धरल्या आणि मास्तर घेतात त्या दरानं मोजल्या, तर तिला दुकानातलाच कुर्ता स्वस्त पडला असता. मी तिला रविवारी घरी बोलावलं आणि तिच्याच हातात सुई दिली. ती आली, एक बाही झाली, दुसरी अजून बाकी आहे.

आता भाच्याला काळ्या टी-शर्टवर खण हवाय. होजियरीचं कापड ताणतं, खण ताणत नाही, तेव्हा आतून बकरम लावावं लागेल, आणि तेही लहान तुकड्यालाच. त्याला मात्र तो पाठभर हवाय. “मावशी, नाहीतर कुणाला दिसणार?” असं त्याचं म्हणणं. खिशापुरता लावून देईन म्हटलंय. तो अजून घासाघीस करतोय.